गिअर कडक पडतोय? गिअरबॉक्स खोलण्याआधी घरी करायची कामं

तीन वर्षांपूर्वी मी सेकंड हँड हॅचबॅक घेतली. इंजिन छान होतं, एसी थंड होता, पण गिअर टाकणं म्हणजे रोजची झटापट. सिग्नलला पहिला गिअर पडायचाच नाही, रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज यायचा, आणि न्यूट्रलमध्ये दांडा ताकातल्या रवीसारखा गोल फिरायचा. एका गॅरेजमध्ये दाखवली. दोन मिनिटं चालवून त्यांनी निकाल दिला, "गिअरबॉक्स उतरवायला लागेल." अंदाजे खर्च ऐकून मी गाडी तशीच घरी आणली.

पुढच्या तीन रविवारी पार्किंगमध्ये बसून मी ती गाडी समजून घेतली. शेवटी तीन गोष्टी निघाल्या: क्लचखाली सरकलेली जाड मॅट, केबलच्या टोकाचं झिजलेलं एक बुश (रबर किंवा नायलॉनचं छोटं कडं) आणि कित्येक वर्षं न बदललेलं गिअर ऑइल. गिअरबॉक्सला आजवर हात लावावा लागलेला नाही. त्या तीन रविवारांत मी ज्या क्रमाने चाचपडलो त्यापेक्षा बरा क्रम इथे देतो आहे.

हा लेख आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्यांसाठी आहे: पुढे आडवं बसवलेलं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, पाच किंवा सहा गिअर, आणि दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल. जुन्या गाड्यांत केबलऐवजी लोखंडी रॉड असतो, तिथेही विचार हाच लागू होतो, फक्त बुश गाडीच्या खालच्या बाजूला शोधावी लागतात. गाडी वॉरंटीत असेल तर पहिल्या दोन पायऱ्यांच्या पुढे जाऊ नका, थेट सर्व्हिस सेंटरला दाखवा.

आधी आत काय होतं ते

क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटतात. आतला शाफ्ट मात्र आधीच्या वेगाने फिरतच असतो. नवा गिअर पडायचा तर त्याचा वेग जुळायला हवा. ते काम सिंक्रोची रिंग करते, बहुतेकदा पितळेची. ती शंकूसारख्या भागावर घासते, घर्षणाने दोन्ही वेग सारखे होतात, आणि मग स्लीव्ह, म्हणजे गिअरला शाफ्टशी जोडणारं सरकतं कडं, सरकून दात बसतात. ही सोय मोटारीत पहिल्यांदा १९२८ साली कॅडिलॅकने आणली. त्याआधी प्रत्येक गिअरला डबल क्लच मारावा लागे, म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबावा लागे, आणि सिंक्रो नसलेल्या जुन्या ट्रकचे ड्रायव्हर पुढेही कित्येक वर्षं तेच करत आले.

म्हणजे गिअर मऊ पडायला तीन गोष्टी लागतात. क्लच पूर्ण सुटला पाहिजे, हाताची हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पूर्ण पोचली पाहिजे, आणि रिंगला योग्य तेल मिळालं पाहिजे. पाय, हात आणि तेल. तपासणीही याच क्रमाने करायची.

काय काय जवळ हवं

कागद: गाडीचं ओनर्स मॅन्युअल (हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळतं), आधीच्या सर्व्हिसची बिलं आणि वॉरंटीचं पुस्तक. बिलांमध्ये "ट्रान्समिशन ऑइल" किंवा "गिअर ऑइल" हा शब्द शोधा. माझ्या गाडीच्या बिलांत तो एकदाही नव्हता, आणि अर्धं उत्तर मला तिथेच मिळालं होतं.

हत्यारं: १०, १२, १४ आणि १७ नंबरचे पाने व सॉकेट, रॅचेट, लांब नाकाची पक्कड, रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, सुती फडकी, वायरब्रश, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब. तेल बदलायचं असेल तर जॅक स्टँड, ट्रे, दोन हात लांब नळी, नरसाळं आणि ड्रेन प्लगचं नवं वायसर. शिवाय मोबाइल. काहीही खोलण्याआधी फोटो काढायचा, ही सवय पहिल्या बोल्टपासून लावा.

१. बंद गाडीवर चाचणी घ्या

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून पाहा. मग इंजिन चालू करून, उजवा पाय ब्रेकवर ठेवून तेच करा.

बंद गाडीत सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर संशय क्लचवर: तो पूर्ण सुटत नाहीये. बंद गाडीतही दांडा जड जातो, तर दांडा, केबल किंवा बुश. सकाळी पहिली दहा मिनिटं कडक आणि मग मऊ, तर तेल. नाशिकला जानेवारीत पहाटे गाडी काढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. थंडीत तेल घट्ट होतं आणि रिंगला ते बाजूला सारायला वेळ लागतो. थोडा कडकपणा अशा वेळी निरोगी गाडीतही असतो. एकच ठरावीक गिअर, बहुधा दुसरा, प्रत्येक वेळी खरखरतो आणि बाकीचे नीट पडतात, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असण्याची शक्यता जास्त.

आणखी एक चाचणी. चालू गाडीत न्यूट्रलवर क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बऱ्याच लहान गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे घाई केली तर आवाज येणारच. पण इतकं थांबूनही खर्रर्र होत असेल तर आतला शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे क्लच चिकटतोय.

निकाल कागदावर लिहून ठेवा. पुढे मेकॅनिककडे जायची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडतो.

२. मॅट काढा

क्लचखालची मॅट काढून गाडी चालवून पाहा. बस एवढंच. बाजारात मिळणाऱ्या जाड गादीसारख्या मॅट क्लचचं पेडल शेवटचा दीड-दोन सेंटिमीटर खाली जाऊ देत नाहीत, आणि क्लच पूर्ण सुटतो तो नेमका त्या शेवटच्या भागात. माझ्या गाडीत कंपनीच्या मॅटवर आधीच्या मालकाने दुसरी जाड मॅट टाकली होती. ती काढली आणि त्या दिवसापासून रिव्हर्सचा आवाज जवळजवळ बंद झाला. मॅट सरकून ब्रेकच्या पेडलखाली जाण्याचा धोका तर याहून मोठा आहे. मॅट एकच ठेवा, हुकात अडकवलेली.

त्याच वेळी सीटही तपासा. क्लच तळाला टेकल्यावर डावा गुडघा थोडा वाकलेलाच राहायला हवा. पाय ताणून चालवणारे क्लच कधीच पूर्ण दाबत नाहीत आणि दोष गिअरला देतात.

३. क्लच पूर्ण सुटतोय का

आधी तुमचा क्लच केबलचा आहे की हायड्रॉलिक, म्हणजे फ्लुइडच्या दाबावर चालणारा, ते बघा.

केबलचा असेल तर पेडल हाताने हलकेच दाबा. विरोध जाणवण्याआधी जी मोकळी चाल असते तिला फ्री प्ले म्हणतात. ती किती मिलिमीटर हवी हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, पट्टी लावून मोजा. चाल फार जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. बऱ्याच गाड्यांत केबलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला ती कमी-जास्त करायचा नट असतो. इथे एक सापळा आहे: गिअर मऊ पडावा म्हणून लोक नट आवळतच जातात आणि चाल शून्यावर आणतात. मग क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो, प्लेट घसरते आणि रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं बेअरिंग) लवकर जातं. नट थोडा फिरवा, पुन्हा मोजा, चालवून पाहा.

हायड्रॉलिक असेल तर बॉनेट उघडून फ्लुइडची पातळी पाहा. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचचा डबा एकच असतो. ताजं फ्लुइड फिक्या पिवळट रंगाचं आणि स्वच्छ दिसतं, चहासारखं काळपट झालं असेल तर बदलायची वेळ झाली. आता न्यूट्रलमध्ये क्लच भराभर चार वेळा दाबून लगेच गिअर टाका. असं केल्यावरच गिअर मऊ पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा क्लचच्या सिलिंडरचं सील गेलं आहे. पेडलच्या वर, जिथे रॉड भिंतीत शिरतो, तिथे बोट फिरवून ओल लागते का पाहा.

हवा काढणं दोन माणसांचं काम. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने गिअरबॉक्सकडच्या क्लच सिलिंडरचं निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) अर्धा आटा सोडून फ्लुइड नळीतून बाटलीत घ्यायचं आणि निपल बंद करायचं. बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. हे बुडबुडे थांबेपर्यंत करा आणि दर चार-पाच वेळांनी डबा भरत राहा. डबा रिकामा झाला तर नवी हवा आत जाते, शिवाय तो ब्रेकचाही डबा असू शकतो. त्यामुळे काम झाल्यावर इंजिन चालू करून, गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल घट्ट आहे ना ते पाहा. फ्लुइड झाकणावर लिहिलेलंच वापरा, डॉट ३ किंवा डॉट ४. ते रंग खातं, बॉनेटच्या कडेवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. ब्रेकचं काम आयुष्यात कधी केलं नसेल तर ही एक पायरी जाणत्या माणसाकडून करून घ्या. इथे संकोच नको.

४. दांडा, केबल आणि बुश

माझ्या मते गिअरच्या एकूण जाणिवेत सर्वात मोठा फरक इथे पडतो, आणि सर्वात दुर्लक्षही इथेच होतं. गिअर टाकल्यावर "टक्" असं कळायला हवं. दांडा ढिला, गिअर नेमका कुठे आहे ते कळत नाही, तिसऱ्याऐवजी पाचवा पडतो, अशा तक्रारी बहुधा बुशच्याच.

आत, दांड्याच्या बाजूने सुरुवात करा. नॉबखालचा रेक्झिनचा बूट खालच्या फ्रेमसकट बोटांनी वर उचलला की सुटतो. प्लास्टिकच्या क्लिप असतात, सकाळच्या थंडीत त्या तुटतात, म्हणून हे काम दुपारी करा. खाली दांड्याचा गोल सांधा आणि दोन केबलची टोकं दिसतील. आमच्या गाडीत तिथे शेंगदाण्याची टरफलं, एक रुपयाचं नाणं आणि घट्ट काळं झालेलं ग्रीस होतं. जुनं ग्रीस फडक्याने पुसून काढा आणि सांध्याला सिलिकॉन ग्रीस लावा. वाटाण्याएवढं पुरतं. इथले भाग नायलॉन आणि रबराचे असतात, साध्या खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगू शकतं. गंज सोडवायचा स्प्रे तर नकोच: पहिले आठ दिवस सगळं गुळगुळीत वाटतं, पण तो उरलंसुरलं ग्रीस धुऊन नेतो आणि महिन्याभरात दांडा आधीपेक्षा जड होतो. हे मी केलेलं आहे.

आता गिअरबॉक्सचं टोक. ते बहुतेक गाड्यांत बॅटरीच्या किंवा एअर फिल्टरच्या डब्याखाली असतं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरी काढायची झाली तर आधी निगेटिव्ह टर्मिनल, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम कोड मागते, तो आधी शोधून ठेवा. एअर फिल्टरचा डबा काढलात तर इंजिनकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, आत एक नटसुद्धा पडता कामा नये. आणि जोडताना ते फडकं काढायला विसरू नका.

दोन केबल दिसतील. एक दांड्याची डावी-उजवी हालचाल पोचवते, दुसरी पुढे-मागे. घरातल्या कोणाला तरी आत बसवून, इंजिन बंद ठेवून, दांडा हळूहळू हलवायला सांगा आणि तुम्ही टोकाकडे बघा. केबल हलते पण गिअरबॉक्सवरचा खटका क्षणभर उशिरा हलतो, मध्ये फट दिसते, तर बुश गेलं. ते टोकाच्या गोल कडीत बसलेलं रबर किंवा नायलॉनचं छोटं कडं असतं. इंजिनच्या उष्णतेने ते कडक होतं, तडकतं आणि झिजून अंडाकृती होतं.

काढायच्या आधी दोन्ही केबलना मार्किंग टेप लावा आणि फोटो घ्या. काही गाड्यांत कडी पिन आणि वायसरने धरलेली असते, काहींत नुसती दाबून बसवलेली. दाबून बसवलेली असेल तर रुंद स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उचला, एका बाजूने जोर लावला तर कडीच तुटते. पिन वायरब्रशने साफ करून ग्रीसचा पातळ हात द्या आणि नवं बुश बसवा. काही कंपन्या बुश सुटं विकत नाहीत, पूर्ण केबलच घ्यायला सांगतात. अशा वेळी जुनं बुश घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात जा, मापाचं बुश मिळून जातं. माझं दीडशे रुपयांत मिळालं.

दोन सूचना. केबलच्या टोकाला सरकवायचं लॉक असेल तर त्याला हात लावू नका, तिथे लांबी जुळवलेली असते आणि ती बिघडली तर एखादा गिअर पडायचाच बंद होईल. आणि खुद्द केबलमध्ये तेल ओतू नका, ती सीलबंद असते. दोन्ही टोकं सोडूनही केबल हाताने जड सरकत असेल तर ती आत गंजली आहे, बदलायलाच हवी. कोकणातल्या गाड्यांत हे जास्त दिसतं. बाहेरचं रबर उंदरांनी कुरतडलंय का तेही पाहा, पाणी तिथूनच शिरतं.

५. गिअर ऑइल

इंजिन ऑइल आपण न चुकता बदलतो आणि गिअर ऑइल विसरतो. लहान गाड्यांत ते साधारण दोन लिटरच्या आसपास असतं.

कोणतं तेल, हे मॅन्युअल ठरवणार. दुकानदार नाही आणि मीही नाही. दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत: घट्टपणा, म्हणजे ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० असा आकडा, आणि दर्जा, म्हणजे जीएल-४ किंवा जीएल-५. मोठा सापळा दर्जाचा आहे. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून लोक "चांगलं" समजून जीएल-५ घालतात. त्यात दाब सोसणारी गंधकयुक्त द्रव्यं जास्त असतात आणि ते मुख्यतः ट्रक-जीपच्या मागच्या डिफरन्शियलसारख्या ठिकाणी लागतं. सिंक्रोच्या रिंगला मात्र थोडं घर्षण हवंच असतं. तेल जास्त निसरडं असलं की रिंग घसरते, वेग जुळत नाही आणि गिअर खरखरतो. मॅन्युअलमध्ये जीएल-४ असेल तर जीएल-४च घाला. होंडासारख्या काही कंपन्या स्वतःचं वेगळं एमटीएफ (मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड) सांगतात, तिथे तेच. "गिअर मऊ करणारं" म्हणून मिळणारं वरून टाकायचं औषध घालू नका.

आता प्रत्यक्ष काम.

क) गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा, कोमट तेल नीट वाहतं.

ख) गाडीखाली जायचं तर जॅक स्टँडवरच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. भरताना गाडी सपाट असावी लागते, म्हणजे चार स्टँड हवेत. ते नसतील तर माझा सल्ला: तेल आणि वायसर स्वतः आणा आणि लिफ्ट असलेल्या ओळखीच्या ठिकाणी समोर उभं राहून बदलून घ्या. मी दुसऱ्यांदा तसंच केलं.

ग) प्लग ओळखा. इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग जवळजवळ असतात, आणि चुकून इंजिन ऑइल सोडणारे कमी नाहीत. गिअरबॉक्स म्हणजे ज्यातून पुढच्या चाकांचे शाफ्ट बाहेर येतात तो भाग. काही गाड्यांत प्लगला षटकोनी डोकं नसतं, चौकोनी खाच असते, तिथे रॅचेटचं टोकच बसतं.

घ) आधी वरचा, भरायचा प्लग सोडा. तो सुटला तरच खालचा सोडा. उलट केलंत आणि वरचा अडकला, तर तेल गेलेली गाडी पार्किंगमध्ये अडकून पडेल.

च) खालच्या प्लगवर बहुधा चुंबक असतं. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर दिसला तर काळजी नको, ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारे कण, दाताचा तुकडा किंवा तेलात पिवळी चमक दिसली तर फोटो काढून ठेवा. ते आतल्या दुरुस्तीचं लक्षण आहे.

छ) नवं वायसर घालून प्लग मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. गिअरबॉक्सचं आवरण ॲल्युमिनियमचं असतं, जोर केला तर आटे जातात. मग वरच्या भोकातून नळी-नरसाळ्याने सावकाश भरा. ज्या गाडीत वरचं भोक पातळी दाखवणारंही असतं, तिथे तेल काठावरून ओघळू लागलं की थांबा. ज्यात नसतं, तिथे मॅन्युअलमधल्या मापाने मोजून घाला.

जुनं तेल गटारात किंवा झाडाखाली ओतू नका, कायद्याने तो घातक कचरा आहे. डब्यात भरून, वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरा, प्लग गळत असेल तर सकाळी डाग दिसेल.

तेलाचा फरक पहिल्याच फेरीत जाणवेल असं नाही. मला तो आठवडाभराने नीट कळला, विशेषतः सकाळी.

६. हाताची सवय

दांड्यावर हात ठेवून गाडी चालवू नका. हाताचं वजन आतल्या फोर्कवर, म्हणजे स्लीव्ह सरकवणाऱ्या काट्यावर येतं आणि तो फिरत्या स्लीव्हला घासत राहतो. गिअर बदलताना दांडा मुठीत आवळू नका, तळव्याने ढकला, आणि न्यूट्रलमधून जाताना क्षणभर थांबा. रिंगला तेवढाच वेळ हवा असतो.

सिग्नलला पहिला गिअर अडला तर जोर लावू नका. दात समोरासमोर आले आहेत. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबा, किंवा आधी दुसरा टाकून मग पहिला टाका. रिव्हर्सच्या आधीही पुढचा एखादा गिअर टाकून काढला की आतला शाफ्ट थांबतो आणि आवाज येत नाही.

वजनदार नॉब बसवून जाणीव थोडी बदलते, पण बुश ढिलं असताना त्यावर पैसे घालू नका.

७. इथे थांबा

एवढं करूनही एकच गिअर खरखरत असेल, चालत्या गाडीत गिअर आपोआप बाहेर पडत असेल, क्लच अगदी वर उचलल्यावर पकडत असेल, किंवा क्लच दाबल्यावर घरघर येऊन सोडल्यावर थांबत असेल, तर काम घरचं राहिलं नाही. अनुक्रमे सिंक्रो, आतला फोर्क किंवा स्लीव्ह, क्लचप्लेट आणि रिलीज बेअरिंग यांच्याकडे बोट जातं. प्लेट आणि बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण खोलावा लागत नाही. दोन्हींच्या खर्चात बराच फरक असतो, तेव्हा गॅरेजमध्ये हे स्पष्ट विचारा. पहिल्या पायरीचा कागद, प्लगच्या चुंबकाचा फोटो आणि तेल कधी, कोणतं घातलं ते मेकॅनिकला दाखवा, आणि चाचणीच्या फेरीला स्वतः शेजारच्या सीटवर बसा.